नानकटाई केली, वाण लुटलं. पण बोलावलं कुणाला?

मैत्रिणींनो, आमच्या मुळशी तालुक्यातली स्वयंपाकघरं पाहता पाहता बदलली. माझं गाव रिहे. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे भाताची खाचरं. इकडे घोटावडे, पलीकडे हिंजवडी. कारखाने आले, आयटी आलं, जमिनींना भाव आला आणि मागोमाग घराघरांत ग्रॅनाइटचे ओटे आले, डायनिंग टेबलं आली. आता कुणाकडे मायक्रोवेव्ह, तर कुणाकडे ओव्हन. कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाइलवर बघून केक करतात आणि खरंच सुरेख करतात. बचत गटाच्या बैठकीत बायका मला म्हणतात, "ताई, आता आपल्याकडंबी सगळं स्टँडर्ड झालं बघा!"

मला याचं कौतुकच वाटतं. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांच्या लेकी-सुनांनी नेटक्या स्वयंपाकघरात उभं राहावं, चार पदार्थ हौसेने करावेत, यात वाईट काय? पण 'स्टँडर्ड' हा शब्द ऐकला की मनात एक प्रश्न येतो. राहणीमान वाढलं म्हणजे घरंदाजपणा आला का? काचेच्या बशा, टेबलावर चादर, पाहुण्यांपुढे घरचा केक. एवढ्याने घराला शोभा येते की आणखी काही लागतं?

'एटिकेट' हा शब्द मुळातला फ्रेंच. त्याचा जुना अर्थ चिठ्ठी किंवा लेबल. बरणीवर चिकटवतात तसं. अमेरिकेत एमिली पोस्ट नावाच्या बाईंनी १९२२ साली एटिकेटवर जाडजूड पुस्तक लिहिलं. शंभर वर्षांनी, २०२२ साली, त्याची नवी आवृत्ती निघाली. म्हणजे कसं वागावं हा प्रश्न तिकडच्या बायाबापड्यांनाही पडतोच. पण आपल्याकडे याला 'रीतभात' म्हणतात. ती पुस्तकातून येत नाही. आजीच्या, आईच्या, सासूच्या हाताखाली वावरताना ती अंगात मुरते.

आठवून बघा, आपल्याकडे किती बारीक विचार केलेला आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग काय काम आहे ते विचारायचं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला, भाजी उजवीकडे. त्यामुळे अंधुक दिव्यातही हात बरोबर जागेवर जातो. पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठायचं नाही, कारण तो सावकाश जेवणारा एखादा म्हातारा असतो किंवा लाजाळू पाहुणा. जेवणाऱ्याला 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं. आपण उठसूट 'थँक्यू' म्हणत नाही हे खरं, पण एवढ्या दोन शब्दांत किती अगत्य आहे!

मला सगळ्यात आवडणारी रीत म्हणजे शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काही केलेलं नसलं तर दोन मिरच्या, मूठभर शेंगा, काही नाही तर चमचाभर साखर घालायची, पण डबा भरलेलाच गेला पाहिजे. गरिबाघरचीही मान खाली जाऊ नये आणि येणं-जाणं सुरू राहावं, अशी ही सोय. याला पैसा लागत नाही. दुसऱ्याच्या मनाचा विचार लागतो. माझ्या मते रीतभातीचं सगळं सार एवढंच आहे.

आता बेकिंगचं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्या बायका केक म्हटलं की नाक मुरडतात. "इंग्रजांची थेरं," म्हणतात. त्यांना मी सांगते, भाजणं आपल्याला काही नवीन नाही. ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेलं की घरोघर धोंडस करतात. पिकल्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं एकत्र शिजवून जाड बुडाच्या भांड्यात ओतायचं, भांडं निखाऱ्यावर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे घालायचे. सीकेपी घरांतलं निनावं असंच, खालीवर विस्तव ठेवून भाजलेलं. गोव्यात बेबिंका एकेक थर वरून आच देत करतात. ओव्हन तरी दुसरं काय करतो? खालून आणि वरून सारखी आच, एवढंच ना!

छापील पुस्तकांचंही पाहा. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघालं. त्या काळात एका मराठी बाईने हजार पदार्थ कागदावर उतरवले. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. कमलाबाईंची शाळा चौथीपर्यंतच झाली होती. पण त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. तराजू नसलेल्या घरातल्या नव्या सुनेलाही पदार्थ जमला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. कितीतरी मुलींना लग्नात 'रुचिरा' आहेर म्हणून मिळालं. हीसुद्धा रीतभातच म्हणायची. आपल्याला येतं ते दुसरीला समजेल अशा मापात सांगायचं, हातचं राखायचं नाही.

आणि दिवाळीतली नानकटाई? पुण्याच्या पेठांतून आणि आसपासच्या गावांतून बायका तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जात, तिथेच पीठ फेसून ट्रे भरत आणि भट्टीतून भाजून आणत. आपल्या ट्रेवर खूण करून ठेवायची, नंबराची वाट बघत ओट्यावर बसायचं, तेवढ्यात चार सुखदुःखाच्या गोष्टी व्हायच्या. फराळाच्या ताटात चकली-करंजीच्या शेजारी ही बाहेरून आलेली नानकटाई कधी घरचीच होऊन बसली, कुणाला कळलंही नाही.

तुमच्याकडे ओव्हन नसला तरी नानकटाई होते. एक वाटी घट्ट तूप आणि एक वाटी पिठीसाखर हाताने आठ-दहा मिनिटं फेसायची, हलकी आणि पांढरी होईपर्यंत. खरी मेहनत इथेच आहे, घाई केली की नानकटाई दडदडीत होते. त्यात दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर खायचा सोडा आणि वेलचीपूड घालून हलक्या हाताने गोळा करायचा. मळायचा नाही. जाड बुडाच्या कढईत जाड मिठाचा थर द्यायचा, त्यावर स्टँड ठेवून झाकण घालून दहा मिनिटं तापवायची. ताटलीला तूप लावून लहान गोळे अंतर सोडून ठेवायचे आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजायचे. कढई नॉनस्टिकची नको. गरम असताना नानकटाई मऊच लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा भाजायला ठेवू नका. निवली की खुसखुशीत होते. आणि ते मीठ बरणीत वेगळं ठेवा, पुढच्या वेळी भाजायलाच वापरा, आमटीत घालू नका.

घरी भाजण्याचा मोठा फायदा असा की वाटून खाण्याची सवय लागते. एक नानकटाई कुणी करत नाही, घाणा निघतो तो वीस-पंचवीसचा. मग आपोआप शेजारी बशी जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून नाताळात शेजाऱ्यांकडे गोडाची ताटं जातात आणि आपल्या दिवाळीत फराळाची. धर्म वेगळा, रीत एकच.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. वाढदिवसाचा केक पोरांच्या तोंडाला फासायची जी पद्धत गावोगाव आली आहे, ती बंद करा. आपल्याकडे ताटातलं शीत सांडलं तरी उचलून कडेला ठेवतात. भाताच्या एका लोंबीसाठी गुडघाभर चिखलात कंबर मोडून लावणी करणारी आपण माणसं. आणि अर्धा किलोचा केक पोराच्या नाकाडोळ्यांत घालून हसायचं? पहिला तुकडा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आणि दुसरा कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला द्यायला शिकवा. मुलांना मॅनर्स शिकवायला क्लास लावायची गरज उरणार नाही.

इथवर तुम्ही माझ्याशी सहमत असाल. आता अवघड बोलायचं आहे.

आपल्या रीतभातीचं एवढं कौतुक मी केलं, पण तिच्यात एक मोठं भोक आहे आणि ते आपल्याला रोज दिसतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात हळदीकुंकवाची धामधूम असते. तिळगूळ, ओटीला बोरं-हरभरे, वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा नाहीतर स्टीलची वाटी. हल्ली तिळगुळाच्या जोडीला घरची नानकटाई किंवा केकचा तुकडाही असतो. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी आहेत. हात इतका हलका की त्यांची नानकटाई तोंडात विरघळते. समारंभ कुणाकडेही असो, आदल्या दिवशी त्यांना बोलावणं जातं, "वहिनी, तेवढं तूप फेसून द्या हो, तुमच्यासारखं जमत नाही." त्या येतात, चार तास राबतात, डबे भरून देतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नटूनथटून सगळ्या जणी जमतात, नानकटाईचं कौतुक होतं आणि वहिनी आपल्या घरात दार लोटून बसलेल्या असतात. कारण त्यांचे यजमान वारले आहेत.

याला काय म्हणायचं? हात चालतो, माणूस चालत नाही. यात आपण कुणी दुष्ट नसतो, ही कुणा एकीची चूक नाही. "रीत आहे" म्हणून आपण करतो. पण मघाशीच आपण म्हटलं ना, रीतभात म्हणजे दुसऱ्याच्या मनाचा विचार? मग जी रीत एका बाईला तिच्या सगळ्यात वाईट दिवसानंतर जन्मभर बाजूला बसवते, तिला रीतभात कसं म्हणायचं? निघताना पाहुणीला कुंकू लावतो, तेव्हा चार जणींना लावून पाचवीला वगळून करंडा मिटतो. तो क्षण ज्यांनी सोसला त्यांना विचारा. तुमच्या चिनी मातीच्या कपांची नक्षी त्यांच्या लक्षात राहत नाही, तो मिटलेला करंडा राहतो.

हे मी नवीन काही सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या काळात, मे २०२२ मध्ये, तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं ही प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे २०२२ रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असं सांगितलं. एका खेड्याने सुरुवात केली आणि सरकारने ती उचलली, असं आपल्याकडे किती वेळा होतं?

पण ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहतो. हळदीकुंकू आपल्या ओसरीवर होतं. तिथे सरपंचाची सही चालत नाही, घरच्या बाईचं आमंत्रण चालतं. म्हणून हे काम आपलं आहे.

आणि आमच्यापासून हे सगळं लांबही नाही. पौड रस्त्याने पुण्यात शिरलं, कोथरूडच्या पुढे गेलं की कर्वेनगर लागतं. तिथेच हिंगण्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला विधवाश्रम नेला. आश्रम सुरू झाला होता १८९६ साली. त्याआधी १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं होतं आणि त्याबद्दल लोकांचा बहिष्कारही सोसला होता. पुण्यातच रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले होते. म्हणजे हजारो बायकांना शिक्षणाची, शिवणाची, नर्सिंगची वाट दाखवणारी ही बाई स्वतः विधवा होती. आपल्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला आज रमाबाई आल्या असत्या, तर आपण त्यांना कुठे बसवलं असतं? जरा विचार करा.

मला ठाऊक आहे, सासूबाई काय म्हणतील. "आमच्या वेळेपास्नं चालत आलंय." अगदी खरं. पण आमच्या वेळेपासून चुलीवरचा स्वयंपाक चालत आला होता, तो गॅसवर गेला. पाटावरची पंगत टेबलावर गेली. दिवाळीच्या ताटात नानकटाई आली. यातलं कुणीही आपल्या घराण्याला बुडवलं नाही. मग दारातून ओव्हन आत येऊ शकतो, तर आपल्याच भावकीतली बाई का येऊ शकत नाही?

म्हाताऱ्या माणसांशी भांडण करून मात्र काही होत नाही, हे मी बायकांच्या कामात वीस वर्षं पाहिलं आहे. सासूबाईंना बाजूला सारू नका, पुढे करा. त्यांच्याच हातून त्या विधवा जाऊबाईंना पहिला तिळगूळ द्यायला लावा. पुष्कळ म्हाताऱ्यांच्या स्वतःच्या बहिणीने, लेकीने हेच सोसलेलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी येताना मी पाहिलं आहे.

काय करता येईल, ते थोडक्यात सांगते. आमंत्रण सगळ्यांना सारखंच द्या आणि स्वतः जाऊन द्या. 'वाटलं तर या' असं दारातून म्हणू नका. समारंभाला हवं तर 'तिळगूळ समारंभ' म्हणा. आलेल्या बाईला कुंकू लावू का, असं हळूच एकांतात विचारा. काहींना चालतं, काहींना नको वाटतं. चारचौघींत जबरदस्तीने कुंकू लावून फोटो काढणं हाही असभ्यपणाच. पण वाण, तिळगूळ, फूल आणि बसायची जागा यात काडीचाही फरक नको. जिने नानकटाई केली तिचं नाव सगळ्यांसमोर घ्या आणि तिला स्वयंपाकघरात न ठेवता बाहेर खुर्चीवर बसवा. कामाचे पैसे ठरले असतील तर तेही वेळेवर द्या. कौतुक केलं म्हणून मजुरी फिटत नाही.

जिला नवऱ्याने टाकलं आहे, जिचं लग्न झालेलं नाही, जिला मूल नाही, त्यांनाही हेच लागू. ओळख होताच "मिस्टर काय करतात?" आणि "मुलं किती?" हे दोन प्रश्न विचारायची आपल्याला खोड आहे. त्याऐवजी "तुम्ही काय करता?", "माहेर कुठलं?" विचारा. गप्पा तेवढ्याच रंगतात आणि कुणाच्या जखमेवरची खपली निघत नाही.

एक शेवटची गोष्ट, आपल्या घरातलीच. सगळ्यांना गरम गरम वाढून आपण गार पोळी आणि तळाची आमटी खातो, याला आपण संस्कार समजतो. लेकी ते बघतात आणि लेकही बघतात. आठवड्यातून एक दिवस, रविवारी म्हणा, सगळे एकदम बसा. पोळ्या आधी करून डब्यात ठेवा. वाढण्याचं काम मुलगा आणि नवऱ्याकडे द्या. पहिल्यांदा भात सांडेल, सांडू दे. ज्या घरात करणारी बाई पंगतीत बसते, तिथे पुढे दुसऱ्या बाईलाही पंगतीत जागा मिळते.

काचेच्या बशा घ्या, टेबलावर चादर घाला, केक शिका, नानकटाई शिका. हौस करायला मुळीच लाजू नका. फक्त बशा मांडताना एकदा आपल्या आळीतली घरं मोजा आणि तेवढ्या बशा आहेत ना ते बघा. येत्या संक्रांतीला कुठल्या दारावरून आपण मुकाट्याने पुढे जातो, ते दार तुमचं तुम्हाला माहीत आहे. यंदा तिथे थांबा, हाक मारा आणि म्हणा, "वहिनी, उद्या संध्याकाळी यायचं बरं का, वाट बघते."